शंका चौघांना आली होती : मेथोट्रेक्झेटच्या एका प्रकरणाचा अभ्यास

मी परिचर्या शिकवते. या प्रकरणाच्या चौकशी समितीत मी बाहेरची सदस्य होते. रुग्ण, तिचं कुटुंब किंवा कर्मचारी ओळखू येतील असे सगळे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात कोणी काय केलं याइतकंच ते कधी केलं आणि कुठे लिहिलं यालाही महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांच्या. त्यांना नऊ वर्षांपासून संधिवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होता. त्यासाठी मेथोट्रेक्झेट १५ मि.ग्रॅ., आठवड्यातून एकदा, दर सोमवारी आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड. मूत्रपिंडाचं काम वयाच्या मानाने थोडं कमी झालेलं, पण स्थिर होतं. मंगळवारी संध्याकाळी त्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि रात्री त्या अस्थिरोग विभागात दाखल झाल्या. आदल्या दिवशीची, म्हणजे सोमवारची, गोळी त्यांनी घेतलेली होती.

या औषधाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मेथोट्रेक्झेट मुळात कर्करोगावरचं औषध. संधिवातात ते त्या मानाने खूप कमी मात्रेत, साधारण ७.५ ते २५ मि.ग्रॅ., आणि आठवड्यातून एकदाच देतात. फॉलिक अ‍ॅसिडला शरीराच्या उपयोगी रूपात आणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं. त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतात, त्यांना त्याचा फटका आधी बसतो: तोंडातलं अस्तर, आतडं, अस्थिमज्जा. आठवड्याचा डोस रोज गेला तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून ज्यांचं मूत्रपिंड अशक्त त्यांना धोका जास्त. ‘आठवड्याऐवजी रोज’ ही चूक जगभर इतकी ओळखीची आहे की इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने कर्करोगेतर उपचारातला मेथोट्रेक्झेटचा अतिडोस ‘कधीच घडू नये’ अशा घटनांच्या यादीत घातला आहे. तिथल्या औषध नियामकाने २०२० मध्ये सांगितलं की चिठ्ठीवर गोळी घेण्याचा वार पूर्ण अक्षरात लिहावा.

म्हणजे ही चूक कोणाला सुचलीच नसती अशातली नव्हती. तिच्यापासून सावध राहण्याचे इशारे आधीच छापलेले होते.

चूक कशी झाली

मंगळवारी रात्री एकच्या सुमाराला दाखल करून घेणारे कनिष्ठ डॉक्टर एकोणिसाव्या तासाला काम करत होते. रुग्णाच्या मुलीने जुनी फाइल दिली. तिच्यात सात औषधं होती. सहा रोजची, एक आठवड्याचं. फाइलवर संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्झेटसमोर फक्त ‘१५ – सोम’ असं लिहिलेलं होतं.

कनिष्ठ डॉक्टरांनी ट्रीटमेंट शीटवर पहिल्या औषधापुढे ‘दिवसातून एकदा’ लिहिलं आणि खाली ‘〃’ (वरीलप्रमाणे) या खुणा ओढत नेल्या. चौथी ओळ मेथोट्रेक्झेटची. तिच्यापुढेही तीच खूण आली. सगळा घोटाळा त्या दोन टिंबांएवढ्या खुणेत आहे. समितीसमोर ती शीट पहिल्यांदा आली तेव्हा मी ती ओळ शोधत बसले होते. चूक नजरेत भरत नाही, कारण स्तंभ नीटनेटका दिसतो.

बुधवारी सकाळच्या राउंडला वरिष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांनी शीटच्या तळाशी सही केली. त्यांचं लक्ष शस्त्रक्रियेवर होतं. औषधांची यादी ‘नेहमीची’ आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

बुधवार ते रविवार असे पाच डोस गेले. शुक्रवारी शस्त्रक्रियेमुळे रुग्ण उपाशी होत्या. सकाळचा डोस राहिला आणि संध्याकाळी पाळीवरच्या सिस्टरांनी तो आठवणीने भरून काढला. अडीच मि.ग्रॅ.च्या सहा गोळ्या, पाच वेळा. घरी घेतलेला सोमवारचा डोस धरला तर सात दिवसांत ९० मि.ग्रॅ., म्हणजे ठरलेल्याच्या सहापट.

शंका कुठे विरली

चौकशीचा सर्वात मोठा भाग या प्रश्नावर गेला, आणि माझ्या मते तो तसाच जायला हवा होता. चूक एका माणसाने केली. ती पाच दिवस चालू ठेवायला मात्र पुष्कळ माणसं लागली, आणि त्यातल्या कोणालाच काही खटकलं नव्हतं असं नाही.

पहिली शंका खुद्द रुग्णाची. गुरुवारी सकाळी त्या म्हणाल्या, “या गोळ्या मी सोमवारीच घेते.” उत्तर मिळालं, “इथे डॉक्टरांनी रोज लिहिल्यात, आजी. दवाखान्यात डोस बदलतात.” सांगणारी परिचर्येची विद्यार्थिनी होती आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. बाईंनी गोळ्या घेतल्या. हा संवाद कुठेच नोंदला गेला नाही. मुलीच्या लक्षात राहिला म्हणून तो आम्हाला कळला.

दुसरी शंका औषधनिर्मात्यांची (फार्मासिस्टची). बुधवारी दुपारी वॉर्डची मागणी आली तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, “मेथोट्रेक्झेट रोज हवंय का?” पलीकडून उत्तर आलं, “अ‍ॅडमिशन नोटमध्ये तसंच आहे.” त्यांनी औषध दिलं. बोलणारी व्यक्ती कोण, किती वाजता बोलली, याची नोंद ठेवली नाही. सुदैवाने वॉर्डमधून आलेल्या शीटची प्रत औषध विभागाच्या फाइलमध्ये राहिली. तिचं महत्त्व पुढे कळेल.

तिसरी शंका शनिवारच्या दुपारपाळीच्या सिस्टरांची. सहा गोळ्या एकदम मोजताना त्या थबकल्या. समोरून जाणाऱ्या निवासी डॉक्टरांना त्यांनी विचारलं, “सर, ही औषधं अशीच चालू ठेवायची ना?” निवासी डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे निघाले होते. शीट न बघता त्यांनी “हो, सरांची सही आहे ना” म्हटलं. सिस्टर समितीला म्हणाल्या, “मी विचारलं होतं.” खरं होतं ते. पण औषधाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, आपल्याला नेमकं काय खटकलं तेही सांगितलं नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांना त्या प्रश्नात काही गंभीर आहे हे कळायला वावच नव्हता.

चौथी शंका मुलीची. रविवारी आईच्या तोंडात फोड आले. संधिवाततज्ज्ञांनी तिला फार पूर्वी सांगून ठेवलं होतं की तोंड आलं तर ही गोळी थांबवून लगेच दाखवा. ती नर्सिंग स्टेशनवर गेली आणि म्हणाली, “सांध्याच्या गोळीने असं होतं ना?” तिला गुळण्यांचं औषध दिलं गेलं.

चारही जणांची शंका बरोबर होती. प्रत्येकाने ती कोणाला तरी बोलूनही दाखवली. बोलून दाखवणं म्हणजे काम झालं, असं त्या पाच दिवसांत सगळ्यांना वाटलं, आणि ज्याच्या हातात उत्तर होतं त्याच्यापर्यंत त्यातली एकही पोहोचली नाही.

सोमवार

सोमवारी सकाळी सुट्टीवरून परतलेल्या एका सिस्टरांनी औषधांची पाळी घेतली. त्या आधी संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात काम करून आलेल्या. रुग्णाचं तोंड पाहिलं, सहा गोळ्या पाहिल्या, शीट पाहिली. सोमवार असल्यामुळे त्या दिवशीचा डोस वाराच्या हिशेबाने बरोबरच होता. मागचे पाच दिवस पाहिले नसते तर त्याही देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी मागे पाहिलं. त्यांची नोंद मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवते: ‘सकाळी ८.२०. मेथोट्रेक्झेटचा डोस रोखला. औषध आठवड्याचे असून बुधवारपासून रोज दिले गेल्याचे दिसते. तोंडात व्रण आहेत. निवासी डॉक्टरांना ८.२५ ला प्रत्यक्ष शीट दाखवून कळवले. रक्ततपासणीचे सांगितले.’ खाली पूर्ण नाव आणि सही. यात कोणावर ठपका नाही, कोणाला झाकलेलंही नाही.

दहाच्या सुमाराला रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट ६२,०००, म्हणजे दोन्ही खूप घसरलेल्या, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. वैद्यकशास्त्र विभागाचे डॉक्टर आले आणि त्यांनी लगेच फॉलिनिक अ‍ॅसिड सुरू केलं. साधं फॉलिक अ‍ॅसिड इथे पुरत नाही, कारण अडवलेल्या विकरानेच ते उपयोगी रूपात आणायचं असतं. फॉलिनिक अ‍ॅसिड त्या अडथळ्याच्या पुढच्या टप्प्यावर शिरतं. शस्त्रक्रियेनंतर दिलेलं वेदनाशामकही मूत्रपिंडावर ताण आणणारं होतं. तेही थांबवलं गेलं.

उपचाराचे निर्णय बरोबर आणि झटपट झाले. गडबड झाली ती दुसऱ्या दोन निर्णयांत.

पहिला निर्णय : कागदाचं काय करायचं

बातमी कळताच कनिष्ठ डॉक्टर वॉर्डात आले. साडेअकराच्या आसपास त्यांनी शीट हातात घेतली आणि चौथ्या ओळीतल्या खुणेच्या वर ‘आठवड्यातून’ असा शब्द लिहिला. पेन वेगळं होतं, तारीख-वेळ नव्हती. समितीला त्यांनी सांगितलं की त्या क्षणी आपण ‘दुरुस्ती’ करतो आहोत असंच वाटलं. मला ते पूर्ण खोटं वाटत नाही. घाबरलेला माणूस स्वतःलाही असं पटवू शकतो. पण त्या एका शब्दाने शीटचा अर्थ उलटा झाला. आता ती म्हणत होती की डॉक्टरांनी बरोबर लिहिलं आणि सिस्टरांनी चुकीचं दिलं.

दुपारी वरिष्ठांनी सुचवलं की शीट फार खराब झाली आहे, नवी उतरवून काढू. इंचार्ज सिस्टरांनी नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. नवी शीट आजपासून सुरू होईल, जुनी जशी आहे तशी राहील. जुनीची प्रत काढून त्यांनी ती मेट्रनच्या (परिचारिकांच्या प्रमुखांच्या) ताब्यात दिली. प्रत काढताना वेगळ्या शाईचा शब्द त्यांच्या नजरेला पडला.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, गप्प राहायचं, चौकशीत निघेल ते निघेल. दोन, थेट वर तक्रार करायची. तीन, आधी त्या डॉक्टरांशी बोलायचं आणि मग वर कळवायचं. त्यांनी तिसरी निवडली. चारच्या सुमाराला त्यांना बाजूला बोलावून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हे तुम्ही आज लिहिलंत, असं तुम्हीच आत्ता लिहा. तारीख घाला, वेळ घाला. मी मेट्रनना सांगणारच आहे, पण तुमचं लिहिणं आधी होऊ दे.”

ते बराच वेळ बसून राहिले आणि मग त्यांनी लिहिलं: आजची तारीख, वेळ, मूळ नोंदीत काय होतं, त्यात आपण सकाळी काय वाढवलं.

उशिरा केलेली नोंद आणि बदललेली नोंद यांतला फरक विद्यार्थ्यांना मी याच प्रकरणावरून शिकवते. उशिरा लिहिणं हा गुन्हा नाही. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आजची तारीख, वेळ आणि सही करायची. जे आज लिहिलं ते मागच्या तारखेचं भासवलं की ती लबाडी होते, मग लिहिलेला मजकूर अक्षरशः खरा का असेना. औषध विभागात जुन्या शीटची प्रत होतीच. त्यामुळे तो शब्द नंतर घुसडलेला आहे हे आठवडाभरात उघड झालंच असतं. पण तेव्हा ते पकडले गेले असते. आता निदान कबुली आधी होती.

दुसरा निर्णय : कुटुंबाला काय सांगायचं

सोमवारी संध्याकाळी वरिष्ठ डॉक्टर मुलीशी बोलले. “एका औषधाचा त्रास झाला आहे, रक्तपेशी कमी झाल्या आहेत, उपचार सुरू आहेत.” यात खोटं काही नव्हतं. खरं मात्र पूर्ण नव्हतं.

रुग्णालयात त्या दिवशी वेगवेगळी मतं होती. व्यवस्थापनाचं म्हणणं, चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबावं. विमा सल्लागारांनी फोनवर सांगितलं की जबाबदारी कबूल करणारं काही बोलू नका. इंचार्ज सिस्टर आणि वैद्यकशास्त्राच्या डॉक्टरांचं मत, आजच सगळं सांगावं. निर्णय सल्लागारांच्या बाजूने गेला, आणि तो त्यांच्या सल्ल्याचा चुकीचा अर्थ लावून गेला असं माझं ठाम मत आहे. जबाबदारी कबूल करणं वेगळं आणि घडलेलं सांगणं वेगळं. ‘आठवड्याचं औषध पाच दिवस रोज दिलं गेलं, आज सकाळी आम्हाला कळलं, आम्हाला याचं फार वाईट वाटतं’ या वाक्यात घडलेली गोष्ट आहे आणि दुःख आहे. भरपाई किती, दोष कोणाचा, हे त्यात नाही. इंग्लंडच्या २००६ च्या भरपाई कायद्यात तर स्पष्टच म्हटलं आहे की माफी मागितली एवढ्यावरून दायित्व कबूल केलं असं होत नाही. तिथे २०१४ पासून रुग्णाला गंभीर इजा झाली की ते मोकळेपणाने सांगणं आरोग्यसंस्थांवर कायद्यानेच बंधनकारक आहे.

पूर्ण हकिगत मुलीला गुरुवारी कळली, समितीने पहिल्या बैठकीत आग्रह धरल्यावर. तोवर तिच्या आईच्या पांढऱ्या पेशी ७०० वर आल्या होत्या, ताप चढला होता आणि त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं होतं. मुलगी आम्हाला म्हणाली, “चूक होते हो. पण रविवारी मी विचारलं तेव्हा कोणाला माहीत नव्हतं आणि सोमवारी माहीत असून मला सांगितलं नाही. तीन दिवस मी तिथेच बसून होते.” पुढे तिने केलेल्या तक्रारीची आठ पानं होती. त्यातली पाच या तीन दिवसांबद्दल होती.

कायद्याच्या कसोटीवर

प्रकरण तीन ठिकाणी गेलं: रुग्णालयाची अंतर्गत चौकशी, त्या-त्या व्यवसायाची नोंदणी परिषद आणि नुकसानभरपाईचा दावा. या तीन जागांचे प्रश्न वेगळे असतात हे कर्मचाऱ्यांना सुरुवातीला उमगलं नव्हतं. चौकशी विचारते, हे पुन्हा कसं टाळायचं. परिषद विचारते, ही व्यक्ती व्यवसाय करायला योग्य आहे का. भरपाईचा दावा विचारतो, काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, ते मोडलं का आणि त्यामुळेच इजा झाली का. फौजदारी तक्रारीचाही विषय निघाला होता, पण त्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये हाच फरक अधोरेखित केला. इथे कुटुंबाने ती वाट धरली नाही.

बचावाचा पहिला मुद्दा होता की जुन्या फाइलवरून औषधं अशीच उतरवतात, सगळे तसंच करतात. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यापासून चालत आलेली कसोटी अशी की जाणकार समव्यावसायिकांच्या एका जबाबदार गटाला जे मान्य असेल ते निष्काळजी ठरत नाही. पण १९९७ च्या बोलिथो निकालाने तिला एक अट जोडली: ते मत तर्काला टिकलं पाहिजे. ‘१५ – सोम’ याचा अर्थ न विचारता खूण ओढत जाणं कोणत्या तर्काला टिकेल? तज्ज्ञ साक्षीदारांपैकी कोणीही त्याचं समर्थन केलं नाही.

दुसरा मुद्दा सिस्टर आणि औषधनिर्माते या दोघांचाही: आम्ही विचारलं होतं. इथे मला दोन जुने इंग्लिश निकाल फार उपयोगी वाटतात. विल्शर प्रकरणात एका कनिष्ठ डॉक्टरने अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाळेत नळी चुकीच्या रक्तवाहिनीत घातली, पण ती तपासायला वरिष्ठाला बोलावलं. अपील न्यायालयाने म्हटलं की अननुभव ही ढाल होऊ शकत नाही, दर्जा त्या पदाचाच लावला जाईल. तरी वरिष्ठाकडून तपासून घेतल्यामुळे त्या कनिष्ठाने आपलं कर्तव्य पार पाडलं आणि न ओळखणारा वरिष्ठ दोषी ठरला. म्हणजे विचारण्याने सुटका होते. पण तिथे समोर नेमका प्रश्न ठेवला होता आणि वरिष्ठाने तो स्वतः पाहिला होता. आमच्या सिस्टरांचा प्रश्न त्या तोलाचा नव्हता.

दुसरा निकाल १९८९ चा, प्रेंडरगास्ट प्रकरणातला. डॉक्टरने अमॉक्सिल लिहिलं होतं, अक्षर वाईट होतं, औषधनिर्मात्याने ते डाओनिल, म्हणजे मधुमेहाची गोळी, असं वाचलं. रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने ७५ टक्के जबाबदारी औषधनिर्मात्यावर आणि २५ टक्के डॉक्टरवर टाकली. कारण मात्रा आणि गोळ्यांची संख्या पाहूनच औषधनिर्मात्याला खटकायला हवं होतं. अक्षर डॉक्टरचं असूनही मोठा वाटा डॉक्टरवर आला नाही, हे ऐकून वर्गातले विद्यार्थी दरवेळी चकित होतात.

इजेचं कारण हा मुद्दा सर्वात जास्त लढवला गेला. रुग्ण वृद्ध, मोठी शस्त्रक्रिया झालेली, मूत्रपिंड आधीच कमजोर. जंतुसंसर्ग त्यामुळेही होऊ शकतो, असं म्हणणं मांडलं गेलं. संधिवाततज्ज्ञांच्या साक्षीने ते टिकलं नाही. नऊ वर्षं याच रुग्णात याच औषधावर रक्तपेशी स्थिर होत्या, दर काही महिन्यांच्या तपासण्या फाइलमध्ये लावलेल्या होत्या. कमजोर मूत्रपिंड हे तर जास्त जपायचं कारण होतं.

निष्पत्ती

रुग्ण वाचल्या. पेशी पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या काळात त्यांना चालवता आलं नाही, त्यामुळे खुब्याचा व्यायाम लांबला आणि आता त्या वॉकरशिवाय चालू शकत नाहीत. दावा मध्यस्थीत मिटला. कर्मचाऱ्यांच्या कृतीचं दायित्व मालक म्हणून रुग्णालयाने स्वीकारलं.

परिषदांचे निर्णय वेगवेगळे आले. शनिवारच्या सिस्टरांना सल्लापत्र मिळालं: देत असलेल्या औषधाची माहिती असणं ही देणाऱ्याची स्वतःची जबाबदारी आहे, सही कोणाचीही असो. औषधनिर्मात्यांना ताकीद आणि काही काळ देखरेखीखाली काम. कनिष्ठ डॉक्टरांना मूळ चुकीबद्दल फक्त ताकीद मिळाली. एकोणीस तासांची ड्युटी, फाइलवरची तोकडी नोंद, हे सगळं लक्षात घेतलं गेलं. नोंद बदलल्याबद्दल मात्र तीन महिन्यांचं निलंबन झालं. त्या संध्याकाळची स्वतःहून दिलेली कबुली नसती तर ते बरंच लांबलं असतं, असं आदेशातच लिहिलं आहे. सहा गोळ्या पाच दिवस गेल्या त्याची ताकीद आणि एका शब्दाचं निलंबन, हे काहींना उलटं वाटलं. मला नाही वाटत. थकून झालेल्या चुकीवर दुरुस्ती करता येते. ज्या कागदावर उद्याच्या पाळीचा माणूस डोळे मिटून विसंबतो, तो कागदच खोटा झाला तर विसंबायचं कशावर?

वरिष्ठांना ताकीद मिळाली. ही शिक्षा हलकी आहे असं मी समितीतही म्हटलं होतं. न वाचता केलेल्या सहीने पुढच्या प्रत्येकाची शंका दाबली गेली. “सरांची सही आहे ना” हे वाक्य त्या सहीतूनच आलं.

वेगळं काय करता आलं असतं

बुधवारी कोणीतरी संधिवाततज्ज्ञांना एक फोन करायला हवा होता. औषधनिर्मात्यांच्या फोनला मिळालेलं उत्तर मुळात उत्तरच नव्हतं, कारण ज्या नोंदीबद्दल शंका होती तीच नोंद पुरावा म्हणून पुढे केली गेली. लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत औषध न देणं त्यांच्या अधिकारात होतं. एका दिवसाने हे औषध लांबलं असतं तर काहीही बिघडलं नसतं. रोखण्याची किंमत शून्य आणि देण्याची किंमत प्रचंड, असं असताना रोखायला कोणाची परवानगी लागत नाही.

शनिवारच्या सिस्टरांनी औषधाचं नाव, मात्रा आणि आपली शंका एका वाक्यात सांगायला हवी होती: “सर, मेथोट्रेक्झेट रोज जातंय, मला हे आठवड्याचं वाटतं, शीट बघून सांगा, तोवर मी देत नाही.” हे वाक्य मी आता वर्गात मोठ्याने म्हणून घेते. पहिल्यांदा म्हणताना मुलींचे आवाज चाचरतात, विशेषतः ‘मी देत नाही’ या शब्दांवर.

रुग्णाचं म्हणणं ही माहिती आहे, तक्रार नव्हे. नऊ वर्षं जी गोळी ती बाई घेत होती, तिच्याबद्दल त्या वॉर्डात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. रुग्णालयाने त्यानंतर नियम केला की ‘हे माझं नेहमीचं नाही’ असं रुग्ण म्हणाला तर डोस थांबतो आणि ते वाक्य त्याच्याच शब्दांत शीटवर लिहिलं जातं. ‘〃’ खुणेवर बंदी आली. आठवड्याच्या औषधासमोर वार पूर्ण लिहायचा आणि शीटवरचे बाकीचे सहा चौकोन आधीच काट मारून बंद करायचे. औषध विभागात शंकांची वेगळी नोंदवही आली: काय विचारलं, कोणाला, किती वाजता, काय उत्तर मिळालं.

ती वही आमच्या प्रकरणाच्या वेळी नव्हती. बुधवारी दुपारी फोन उचलून “अ‍ॅडमिशन नोटमध्ये तसंच आहे” असं कोण म्हणालं, हे आम्ही त्या पाळीच्या प्रत्येकाला विचारलं. कोणालाच आठवत नव्हतं. अहवालात ती जागा कोरी आहे. मध्यस्थीच्या शेवटच्या बैठकीत मुलीने भरपाईबद्दल फारसं काही विचारलं नाही. तिने अहवालाचं तेच पान उघडून पुढे केलं आणि विचारलं, इथे नाव का नाही.